घाडीकाकांचं न चालणारं कार्ड

माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे. पहिला मजला, आणि खिडकीच्या बरोब्बर खाली इमारतीचं काचेचं दार. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोण टॅक्सीतून उतरलं आणि कोण उगाच खाली रेंगाळतंय, हे मला कोणाला न विचारता कळतं. लोक म्हणतात, दुर्गाला नसत्या चौकशा फार. असतील. ब्लाऊजला हुक लावताना डोळे खाली असतात, कानांनी काय करायचं?

गेल्या वर्षी त्या कानांवर एक हाक सारखी यायची.

"गो दुर्गे, कार्ड चलणा नाय गो."

हे घाडीकाका. पूर्ण नाव गणपत घाडीगावकर, पण एवढं लांब नाव हाकेत मावत नाही, म्हणून चाळीने ते कापून घाडी केलं. आमची रेशमवाला चाळ लालबागला होती. ती पाडली आणि तिथे दोन टॉवर उभे राहिले. रस्त्यावरचा देखणा टॉवर विकायचा, मागचा आमचा. कोणाला कितवा मजला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मला पहिला मिळाला, काकांना सतरावा. तेव्हा सगळे काकांना म्हणाले, मजा आहे तुमची, हवा काय, समुद्र काय. समुद्र दिसतो खरा, शिवडीच्या बाजूचा थोडासा. पण माणूस किती वेळ समुद्र बघणार?

काका तरुणपणी गिरणीत विणखात्यात होते. संप झाला, गिरणी गेली, ते सगळं आमच्या गिरणगावात घरोघर झालंय, त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही. वेगळं हे की नंतर ते फोर्टातल्या एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. आत एक स्टूल, त्यावर काका. कोण कितव्या मजल्याचा हे त्यांना पाठ. कोणी मजला सांगायची गरजच नसे. पण काका विचारायचे. म्हणायचे, "साहेब बोलूचे नाय, मगे मीच काढूचंय. आज चेहरो उतरलो काय, म्हणान." सहा मजले चढेपर्यंत माणसाला बोलतं करायचं, हा त्यांचा नोकरीपेक्षा मोठा उद्योग होता.

आणि संध्याकाळी चाळीत शिरताना खालूनच हाक, "राधा, इलंय गो." राधाकाकू आत स्वयंपाकात असल्या तर बाजूच्या तीन खोल्यांतून उत्तर यायचं, "आली आली, या." आमच्याकडे कोणी बाहेर जाताना किल्ली बरोबर नेत नसे. किल्ली शेजारी. परत आलो की हाक मारायची, ज्याच्या हाती लागेल तो किल्ली आणून देई, आणि किल्लीबरोबर कुठे गेला होतात, एवढा उशीर का, हेही आपसूक यायचं. तेव्हा त्याचा वैताग यायचा. मला तर फारच यायचा.

चाळ पाडली तेव्हा आम्हा काही जणांना अँटॉप हिलच्या संक्रमण शिबिरात टाकलं. दोन वर्षांत नवीन घर, असं म्हणाले होते. त्या दोन वर्षांची किती झाली ते विचारू नका. राधाकाकू तिथेच वारल्या. चावी मिळाली तेव्हा काका एकटेच सतराव्या मजल्यावर राहायला आले, आणि पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडं ठेवलं. चाळीत ठेवायचे तसंच. संध्याकाळपर्यंत कोणी आत डोकावलं नाही, कारण त्या मजल्यावरच्या बाकीच्या घरांत भाडेकरू होते, आमच्यातलं कोणीच नव्हतं. मग त्यांनी ते लावून घेतलं.

त्यांची मुलगी अनुजा बंगळूरला असते. नोकरी मोठी, नवरा चांगला, एक छोटी मुलगी. अनुजा वाईट नाही हे मी आधीच सांगते, कारण पुढे मला तिचा राग आलेला दिसेल. ती रोज रात्री फोन करायची. बाबा, कुठे आहात, काय खाल्लंत, गोळी घेतलीत का. काका फोन लांब धरून मोठ्याने बोलायचे. मी काही कामाने वर गेलेली असले तर मलाही ऐकू यायचं.

एक दिवस काका मोबाईल घरीच विसरून बाहेर पडले आणि दिवे लागले तरी आले नाहीत. अनुजाने मला फोन केला, धम्मपालला केला, गेटवरच्या शिवाला केला. धम्मपाल म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, शाळेत माझ्याच वर्गातला, स्वभावाने असा की कोणाचा नळ गळला तरी ह्याला झोप नाही. तो बाईक घेऊन निघाला. काका अँटॉप हिलला शिबिराच्या जिन्यावर बसलेले सापडले. हरवले नव्हते. नुसते बसले होते. काय करत होता विचारलं तर म्हणाले, "काय नाय, वाईच टेकलंय."

त्या दिवाळीला अनुजा आली आणि येताना ते बटण घेऊन आली. रुपयापेक्षा जरा मोठं, पांढरं, गुळगुळीत. वर चामड्याचं छोटं पाकीट, ते आपोआप टप्पकन बंद व्हायचं. ते खिशात ठेवायचं, बास. बाकी काही करायचं नाही. जाता-येता रस्त्यातल्या लोकांचे फोन त्याला ओळखतात म्हणे आणि अनुजाच्या फोनमध्ये नकाशावर एक ठिपका दिसतो. म्हणजे काका. हरवलं तर पीप-पीप वाजतंसुद्धा.

काकांना काय आनंद झाला. चिवडा गल्लीपासून भारतमाताच्या सिग्नलपर्यंत त्यांनी ते बटण दाखवलं. "माजा चेडू थंय बंगलोरात बसान माका बघता," असं भाजीवाल्यालाही सांगितलं. आणि खरोखरच पहिले काही दिवस अनुजा रात्री फोनवर म्हणायची, "बाबा, आज माटुंग्याला गेला होतात? मार्केटमध्ये?" काका मला ते सगळं साग्रसंगीत सांगायचे. तिने विचारलं म्हणून दुसऱ्या दिवशी ते शीव कोळीवाड्याला जाऊन आले. तिथे त्यांचं काही काम नव्हतं, ओळखीचं कुत्रंही नव्हतं. बसमधून उतरायचं, चक्कर मारायची, परत यायचं आणि रात्री फोनची वाट बघायची. लेकीने विचारावं म्हणून सत्तरी ओलांडलेला माणूस बस बदलत हिंडत होता.

मग फोन दिवसाआड झाला. मग रविवारी. तिचंही बरोबरच होतं. पूर्वी ती काळजीने फोन करायची. आता फोन उघडला की ठिपका जागेवर दिसतो, काळजी मिटली, मग फोन कशाला? मी एकदा तिला सुनवायचंच म्हणून फोन लावला. तर ती म्हणते कशी, "अगं ताई, मी तर रोज बघते बाबांना. काल माटुंग्याला होते ना? मस्त फिरतायत." मला इतका संताप आला की सुनवायचं राहूनच गेलं. म्हटलं, "हो, मस्त," आणि फोन ठेवला.

आता कार्डाचं.

आमच्या खालच्या दाराला कुलूप नाही, पट्टीचं कार्ड घासायचं यंत्र आहे. बिल्डरने कुठला जुना माल आमच्या माथी मारला देव जाणे. घासलं की हिरवा दिवा लागतो, दार सुटतं. बाहेर घरोघरच्या नंबरांची बटणं असलेली एक पेटीपण आहे, पण तिच्या वायरी कधी जोडल्याच नाहीत. म्हणजे कार्ड चाललं नाही तर आतून कोणीतरी येऊन बटण दाबायला हवं. शिवा गेटवर असतो, त्याने गेट सोडायचं नाही असा कमिटीचा नियम. मग उरलं कोण? पहिल्या मजल्यावरची दुर्गा.

काकांचं कार्ड पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा धम्मपालने ऑफिसातल्या छोट्या मशीनवर ते पुन्हा भरून दिलं. चार दिवस चाललं, पुन्हा बंद. नवीन कार्ड दिलं. तेही गेलं. दरम्यान काका खालून हाका मारत होते, मी चपला घालून उतरत होते, आणि खरं सांगते, करवादत होते. लग्नसराईचे ब्लाऊज पडलेले असायचे. पण खाली गेलं की काका दारातच चौकशी सुरू करायचे. जेवलंस काय गो, मिस्टरांची पाळी कुठली, मुलाचं कॉलेज काय म्हणतं. लिफ्ट येईपर्यंत बोलणं, लिफ्ट आली तरी एक पाय आत, एक बाहेर. लिफ्टचं दार बिचारं मिटायला बघायचं आणि परत उघडायचं.

धम्मपालला ते कार्ड काही झोपू देईना. त्याने यंत्र बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आजोबा कार्ड ठेवतात कुठे ते आधी बघा. म्हणून एका रविवारी आम्ही दोघं सतराव्या मजल्यावर गेलो. काकांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक लाल कापडी बटवा काढला. मी ओळखला. गिरणीत जाणाऱ्या माझ्या वडिलांकडेही तसाच होता. गिरणीचा पास हरवला की गेटवर अडवायचे, म्हणून कामगार सगळं मोलाचं एकाच बटव्यात घालून छातीशी ठेवायचे. पास, किल्ली, देवाचा अंगारा. एक हात छातीवर ठेवला की सगळं जागेवर आहे हे कळायचं. काकांनी पास जाऊन इतकी वर्षं झाली तरी सवय सोडली नव्हती. बटव्यातून निघालं काय काय? घराची किल्ली, रवळनाथाच्या अंगाऱ्याची पुडी, काकूंचा छोटा फोटो, कार्ड, आणि कार्डाला अगदी चिकटून ते पांढरं बटण.

"हां," धम्मपाल म्हणाला. "सापडला चोर."

मग त्याने आम्हाला समजावलं. "काका, ही कार्डावरची काळी पट्टी आहे ना, ती आपल्या कॅसेटच्या टेपसारखी. हिच्यावर चुंबकाने लिहितात, आणि चुंबकानेच ते पुसलं जातं. हे बटण वाजतं ना? म्हणजे आत स्पीकर आहे, आणि स्पीकरमध्ये चुंबक. बारकंच आहे. पण हे पाकीट टप्पकन बंद होतं, त्यातपण चुंबक आहे, आणि ते चांगलं जोरदार आहे. दिवसभर दोघं एकमेकांना घासतायत. कार्ड कसं टिकेल?"

"मगे बँकेचा कार्ड?" काकांनी विचारलं.

"त्याला चिप असते, तिला चुंबकाने काय होत नाय. त्याची पट्टीपण जरा दणकट असते. आपलं म्हणजे हॉटेलच्या रूमच्या कार्डासारखं, एकदम कच्चं. तुम्ही फक्त एक करा. कार्ड एका खिशात, बटण दुसऱ्या खिशात. विषय संपला."

मी लगेच काकांच्या दोन बंड्या खाली आणल्या आणि डाव्या बाजूला आतून वेगळा खिसा शिवून दिला. बटण डावीकडे, बटवा उजवीकडे. धम्मपालने नवं कार्ड भरून दिलं. काकांनी आमच्यासमोर खाली जाऊन ते घासून दाखवलं, हिरवा दिवा लागला. "बरा झाला," ते म्हणाले.

पुढे आठवडा-दीड आठवडा हाक आली नाही. माझी कामं उरकायला लागली. काचेचं दार उघडायचं, मिटायचं, लिफ्ट वर जायची. काका येतायत-जातायत हे कळत होतं, त्यांच्या चपलेच्या आवाजावरून. मला सुटल्यासारखं वाटलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि मग एका दुपारी, "गो दुर्गे, कार्ड चलणा नाय गो."

मी खाली गेले. दुसऱ्या दिवशी हाक आली ती दुसऱ्या मजल्याला. "ओ रमाबाई." ह्या धम्मपालच्या आई. गुडघे दुखतात, तरी त्या लिफ्टने उतरल्या. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पा गुरवांना मोबाईलवर फोन गेला. अप्पा काकांच्याच गिरणीतले, ते खाली उतरले आणि दोघं दाराशी कितीतरी वेळ बोलत उभे होते. मग परत माझी पाळी. मला तेव्हाही काही वेगळं वाटलं नाही. म्हटलं, कार्डच फालतू.

कळलं ते असं. मी दार उघडून काकांना म्हटलं, घरी या, चहा टाकलाय. ते आले, मशीनशेजारच्या खुर्चीत बसले. त्यांना खोकला आला. त्यांनी बंडीत हात घातला आणि डाव्या खिशातून, मी शिवलेल्या त्या खिशातून, रुमाल काढला. खिशात रुमालच होता. दुसरं काही नव्हतं.

"काका, बटण कुठे आहे?"

ते चहाकडे बघत राहिले. मी हात पुढे केला. त्यांनी बटवा माझ्या हातावर ठेवला. उघडून बघितलं तर कार्ड आणि बटण आत पाठीला पाठ लावून. नुसतं ठेवलेलं नव्हतं. वरून रबरबँड लावला होता.

  काकाच बोलले, हळू, बशीत चहा ओतता ओतता.

"कार्ड चलला की मी सरळ लिफ्टीत, नि लिफ्टीतसून घरात. मगे दुसऱ्या दिसापर्यंत कोणाचो आवाज नाय गो. टीव्ही बोलता, पण तो काय माका इचारता? नाय चलला की तू येतंस. रमाबाई येता. जेवलंय काय म्हणान तरी कोण इचारता." मग, "तुमका तरास नको म्हणान मी वाटान घेतलंय. रोज एकाकच हाक मारूची नाय." आणि बशी खाली ठेवताना, "कोणाक सांगू नको हां. धम्मपालाक तर नकोच. तेना इतक्या केल्यान माझ्यासाठी."

मी मान हलवली. बटवा बंद करून परत दिला, रबरबँडसकट. ते गेल्यावर मी मशीनवर बसले, पण टीप सरळ येईना.

आता कोणी म्हणेल, मग तूच वर का गेली नाहीस? गेले ना. वाटीत खीर घेऊन गेले, एकदा घावणे घेऊन गेले. काकांनी खुर्ची पुसून दिली, पंखा लावला, पाण्याचा पेला ट्रेमधून आणला. ट्रेमधून! मी पाहुणीसारखी बसले, तेही पाहुणा आल्यासारखे बसले. काय चाललंय, बरं चाललंय, एवढं झालं आणि दोघांची बोलणी संपली. चाळीत कोणी कोणाला भेटायला जात नसे. किल्ली मागायला जायचं, विरजण मागायला जायचं, नळ आला का विचारायला जायचं, आणि त्यातून तासभर कसा जायचा कळायचं नाही. नुसतं भेटायला जायचं ते आजाऱ्याला. मी अशी वाटी घेऊन सारखी गेले असते तर काकांनी त्याचा अर्थ बरोबर लावला असता आणि त्यांना ते सोसलं नसतं. त्यांना कीव नको होती, काम काढून आलेलं माणूस हवं होतं.

म्हणून हाक आली की मी उठायची. करवादणं बंद झालं होतं.

पण धम्मपालला कोण आवरणार? त्याच्या आईचे गुडघे, अप्पांचे फोन, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे घाडीकाका उन्हात दाराबाहेर उभे, हे त्याला बघवेना. त्याने बिल्डरच्या ऑफिसात खेपा घातल्या, भांडला, दोनदा त्याला हाकलूनही लावलं. आणि मग एक दिवस पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून त्याने सगळ्यांना बोलावलं.

"पुढच्या टॉवरला जसं दार आहे तसं आपल्यालापण बसणार," तो म्हणाला. "कार्ड-बिर्ड बंद. कॅमेऱ्याने तोंड बघितलं की दार उघडणार. आपण काय कमी आहोत का त्यांच्यापेक्षा?" टाळ्या पडल्या. मग तो काकांकडे वळला. "आणि हे खरं तर काकांमुळे झालं. मी बिल्डरला स्पष्ट सांगितलं, आमची वयस्कर माणसं दाराबाहेर ताटकळतात, तुम्हाला काय वाटतं की नाय? काका, आता कोणाला हाक मारायची गरज नाय. आपलं तोंड हीच आपली चावी."

परत टाळ्या. रमाबाईंनी तर काकांच्या पाठीवर थोपटलं. मी काकांकडे बघितलं. ते आधीच माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्या इमारतीसमोर त्यांचा रबरबँड बाहेर पडला असता.  काका उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "धम्मपाला, बरा केलंस." एवढं बोलून ते बसले. बसताना त्यांनी खुर्ची आधी हाताने चाचपून घेतली.

दार बसलं. प्रत्येकाचा फोटो काढून त्यात भरला. काका फोटोला पांढरा शर्ट घालून, केस विंचरून आले. धम्मपालने स्वतः त्यांना दारासमोर उभं केलं. टुंग असा आवाज झाला आणि दार उघडलं. "एकदम फर्स्ट क्लास," धम्मपाल म्हणाला. इतका खूश होता बिचारा.

त्यानंतर खिडकीखाली फक्त टुंग. सकाळी टुंग, काका गेले. दुपारी टुंग, काका आले. लिफ्ट वर. ते बटण अजून त्यांच्या खिशात होतं, आता हवं त्या खिशात ठेवलं तरी चालणार होतं. पण ते माटुंग्याला जाईनासे झाले. कोळीवाड्यालाही नाही. अनुजाच्या फोनमध्ये ठिपका दिवसदिवस एकाच जागी असणार, आणि एका जागी असलेला ठिपका बघून तिला बरंच वाटत असणार. रमाबाईंनी मला लिफ्टपाशी विचारलं, "घाडी हल्ली दिसत नाहीत गं." म्हटलं, दाराचं काम झालं ना. "हो, ते एक बरं झालं," त्या म्हणाल्या.

गणपती जवळ आले होते. माझ्याकडे कामाचा ढीग. दुपारची वेळ, रस्त्यावर मंडपाचे बांबू ठोकत होते, त्या आवाजात मला आधी ऐकूच आलं नाही. मग आलं.

"गो दुर्गे."

मी मशीन थांबवलं आणि खिडकीतून वाकले. "काय काका?"

"ह्या दार माका वळखणा नाय गो."

वरून मला सगळं दिसत होतं. कॅमेरा दाराच्या उजव्या हाताला, डोक्याच्या उंचीवर. काका दारासमोरच उभे होते, पण तोंड फिरवून, पार डावीकडच्या भिंतीकडे करून. ऊन नव्हतं, तरी एक हात कपाळावर आडवा धरला होता आणि पिशवी खांद्याशी उचलून त्याच्याआड हनुवटी लपवली होती. त्यांची मान दिसत होती, पांढरे केस, बंडीची गळ्याशी विटलेली शिवण. एवढं वय झालेला माणूस, स्वतःच्या घराच्या दारात, आपण कोण आहोत हे दाराला कळू नये म्हणून तोंड लपवून उभा होता. मला रडू फुटलं. खिडकीतून पटकन मागे झाले.

"थांबा, आले," मी आतूनच ओरडले.

तोंडावर पाणी मारलं, चपला घातल्या आणि जिन्याने उतरले. काचेपलीकडे काका अजून तसेच होते. माझ्या चपलांचा आवाज ऐकला आणि त्यांनी हात खाली घेतला, पिशवी खाली घेतली आणि हसून माझ्याकडे वळले. मी दाराच्या आतल्या बटणापाशी पोहोचायच्या आत टुंग वाजलं. दार आपोआप उघडलं.

काका जागच्या जागी थांबले. एकदा दाराकडे बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडे, आणि मग कुठेच नाही. कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं आता हे वळून रस्त्याला लागतील आणि पुन्हा कधी हाक मारणार नाहीत.

"बघितलंत?" मी म्हटलं. "मी आले तेव्हा उघडलं. आधी काय उघडत नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खरं बोलतेय की काय, हे शोधत असावेत. दार थोडा वेळ थांबून मिटायला निघालं, मी पाय आडवा घातला.

"होय तर," ते सावकाश म्हणाले. "तू इलंस म्हणान उघडला."

"मग उद्यापण हाक मारा. यंत्राचं काय खरं नाही."

त्यांनी मान हलवली. आत आले. लिफ्ट खालीच होती, तिच्याकडे दोघांपैकी कोणी बघितलं नाही.

"जेवलंस काय गो?" काकांनी विचारलं.

"नाही अजून. तुम्ही?"

"नाय," ते म्हणाले.